मुक्या माराची साक्ष

ज्या मारानें कातडी फाटत नाहीं, रक्त बाहेर येत नाहीं आणि हाडहि मोडत नाहीं, त्यास आपल्या भाषेंत ‘मुका मार’ म्हणतात. हा शब्द कोणीं प्रथम योजिला तें सांगतां येणार नाहीं. परंतु ज्यानें योजिला तो मोठा मार्मिक असला पाहिजे. वाहती जखम आपली हकीकत आपणच सांगते. मुका मार आंतल्या आंत ठणकतो, दोन दिवसांनीं अंगावर काळानिळा डाग उमटवितो, आणि पंधरवड्याच्या आंत बहुधा कोणासहि कांहीं न सांगतां निघून जातो. ह्या मुक्याशीं दोन प्रकारच्या माणसांचा संबंध येत आला आहे. वैद्य त्यास विचारतो, ‘तुला बरें कसें करावें?’ न्यायाधीश विचारतो, ‘तूं कोणाच्या हातून, केव्हां आणि कशानें झालास?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर मनुष्यजातीस पुष्कळ लौकर सांपडलें. दुसऱ्याचें उत्तर मिळवितांना मात्र वारंवार चुका झाल्या. आणि त्या चुका मुका मार बोलला नाहीं म्हणून झाल्या नाहींत, तर तो जें बोलला नव्हता तें त्याच्या तोंडीं घातल्यामुळें झाल्या. ह्या दोन्ही प्रश्नांचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वैद्यांपासून आरंभ करूं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत सद्योव्रणांचे, म्हणजे आघातानें तत्काळ होणाऱ्या इजांचे, सहा प्रकार दिले आहेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. प्रहारानें किंवा दाबानें चेंचला गेलेला अवयव तो पिच्चित. पिच्चिताची व्याप्ति मुक्या मारापेक्षां मोठी आहे, कारण तींत हाडापर्यंत पोहोंचलेली इजाहि येते. तथापि ग्रंथकारानें केलेली मीमांसा मुक्या मारासहि लागू पडते. अशा इजेंत रक्त फारसें बाहेर वाहत नाहीं, तें आंतच राहतें, त्यामुळें त्या जागीं दाह होतो व ती पिकूं लागते. म्हणून उष्मा आवरण्यासाठीं थंड लेप लावावा आणि थंड पाण्याची धार धरावी, असें तेथें सांगितलें आहे. आज शाळेच्या मैदानावर मुलाच्या गुडघ्यास मार लागतांच शिक्षक बर्फाचा तुकडा फडक्यांत गुंडाळून त्यावर धरतात, तेव्हां ते हीच जुनी आज्ञा पाळीत असतात.

आंत साकळलेलें रक्त बाहेर काढण्याचा दुसरा उपाय जळवांचा. सुश्रुतानें त्यांच्यासाठीं सूत्रस्थानांत एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. जळवांचे बारा प्रकार, त्यांपैकीं सहा सविष व सहा निर्विष, त्या पकडाव्या कशा, पाळाव्या कशा, लावाव्या कशा, हें सर्व त्यांत आलें आहे. बालक, वृद्ध, भित्रे व नाजूक अशा रुग्णांसाठीं रक्त काढण्याचा हा सर्वांत सौम्य मार्ग म्हणून तो सांगितलेला आहे. युरोपांतहि ह्याच जळवांचा एके काळीं इतका सुकाळ झाला कीं, एकट्या फ्रान्सनें 1833 सालीं चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या. ठोसा लागून डोळा काळानिळा झाला म्हणजे त्याच्याभोंवतीं जळू लावणें हा तिकडे घरगुती उपाय होऊन बसला होता. जळूच्या लाळेंत रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें हें जॉन हेक्राफ्ट ह्यानें 1884 सालीं दाखविलें. अर्थात् उपाय आधीं व कारण मागाहून, असा वैद्यकांतील नेहमींचा क्रम येथेंहि दिसतो.

आपल्या घरांतून ह्या कामीं आंबेहळद अधिक चाले. ती सहाणेवर उगाळून, किंचित् कोमट करून, सुजलेल्या जागीं लेप द्यावयाचा, आणि रात्रीं हळद घातलेलें ऊन दूध प्यावयाचें, हा आजीबाईंचा परिपाठ आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य दाह कमी करतें असें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. परंतु तें पोटांतून रक्तांत फारच अल्प प्रमाणांत शोषलें जातें, तेव्हां दुधाच्या पेल्याकडून मोठी अपेक्षा ठेवतां येत नाहीं. लेपामुळें निदान मार लागलेला अवयव कांहीं काळ स्वस्थ राहतो, हा त्याचा निर्विवाद गुण समजावा.

असो. डाग पडतो कसा व रंग कां बदलतो, ह्याचा उलगडा मात्र गेल्या दोनशें वर्षांतलाच आहे. आघातानें त्वचेखालील केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतील रक्त भोंवतालच्या मांसांत व चरबींत पसरतें. हें रक्त शरीर टांकून देत नाहीं. तें मोडून पुन्हां वापरण्याच्या उद्योगास लागतें. बर्लिनचा प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ व्हिर्चो ह्यास 1847 सालीं जुन्या साकळलेल्या रक्तांत पिवळट-तांबूस स्फटिक आढळले. पित्तांतील रंगद्रव्याशीं त्यांचें नातें असल्याचें पुढें ठरलें. मॅक्स पर्ल्स ह्यानें 1867 सालीं ऊतींतील लोह निळ्या रंगानें ओळखण्याची रीति दिली. आणि हिमोग्लोबिनांतील हीम ह्या भागाचे तुकडे करणारें विकर 1968 सालीं अमेरिकेंत टेन्ह्युनेन, मार्व्हर व श्मिड ह्यांनीं शोधून काढलें. ह्या विकराच्या योगानें हीमपासून आधीं हिरवें बिलिव्हर्डिन होतें, त्याचें पिवळें बिलिरुबिन होतें, आणि सुटलेलें लोह तपकिरी रंगाच्या सांठ्याच्या रूपानें कांहीं काळ तेथेंच राहतें. काविळींत डोळ्यांस जो पिवळेपणा येतो, तोच बऱ्या होत आलेल्या मुक्या माराच्या कडेस दिसतो. तांबड्याचा निळा, निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा, हा रंगांचा खेळ म्हणजे शरीरानें चालविलेली दुरुस्तीच होय.

ही दुरुस्ती शरीर आपण होऊनच करीत असल्यामुळें उपचाराचें काम थोडें आहे. पहिल्या दिवशीं अवयवास विश्रांति द्यावी, फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें धरून काढून घ्यावा, व हात-पाय उशीवर उंच ठेवावा. दोन दिवसांनंतर ऊन शेकानें आराम वाटतो. आरंभींच जोरानें चोळणें ही मात्र चूक आहे, कारण तेणेंकरून फुटलेल्या वाहिन्या अधिक फुटतात. बर्फाच्या बाबतींतहि मत थोडें बदललें आहे. अमेरिकन वैद्य गेब मर्किन ह्यांनीं 1978 सालीं विश्रांति, बर्फ, दाब व उंची ह्या चार उपायांचें सूत्र खेळाडूंसाठीं रूढ केलें. आणि त्यांनींच 2014 सालीं असें लिहिलें कीं, बर्फानें वेदना शमते खरी, पण फार वेळ धरल्यास बरें होण्यास विलंब लागूं शकतो. आपलेंच गाजलेलें मत आपणच दुरुस्त करण्याचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. मात्र मार न लागतां अंगावर डाग उठूं लागले, किंवा डोक्यास व पोटास मार लागून ओकारी, गुंगी वा फिकटपणा आला, किंवा रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असतांना मोठी सूज आली, तर लेप उगाळीत न बसतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

आतां न्यायाधीशाच्या प्रश्नाकडे वळूं. एडिंबरो शहरीं 1828 सालीं बर्क व हेअर ह्या दोघांनीं सोळा माणसांचे खून करून त्यांचीं प्रेतें शरीरशास्त्राच्या शिक्षकास विकलीं. शेवटच्या प्रेतावरील खुणा जिवंतपणींच्या कीं मृत्यूनंतर प्रेत पेटींत कोंबतांना झालेल्या, हा वाद न्यायालयांत उपस्थित झाला. तेथील प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन ह्यांनीं ह्या शंकेच्या निरसनासाठीं प्रेतांवर आघात करून पाहिले व आपले निष्कर्ष 1829 सालीं प्रसिद्ध केले. मृत्यूनंतर थोड्या अवधींत मारलेल्या आघातानेंहि त्वचेवर मुक्या मारासारखा रंग उमटूं शकतो, असें त्यांस आढळलें. म्हणजे केवळ रंग पाहून निर्णय देणें धोक्याचें आहे, हा धडा ह्या शास्त्रानें आपल्या बाल्यांतच घेतला होता. ह्याच एडिंबरोंत वैद्यक शिकलेल्या कॉनन डॉइलनें 1887 सालीं आपला शेरलॉक होम्स प्रथम वाचकांपुढें आणला, तेव्हां तो प्रेतांस काठीनें बडवून मृत्यूनंतर डाग कितपत उठतात हें पाहतो, असें त्याच्याविषयीं सांगितलें आहे. वाचकांस तो विक्षिपपणा वाटतो. परंतु त्यामागें खरा इतिहास उभा आहे.

हिंदुस्थानांत हा प्रश्न वेगळ्या वाटेनें आला. मद्रास इलाख्यांत सारावसुलीसाठीं व कबुलीसाठीं छळ होतो कीं काय ह्याची चौकशी करणाऱ्या आयोगानें 1855 सालीं आपला अहवाल दिला. त्याच्याकडे 1,959 तक्रारी आल्या होत्या. बोटें दाबण्याची ‘किट्टी’, मनुष्यास वांकवून बांधून ठेवण्याची शिक्षा, इत्यादि प्रकार त्यांत नमूद आहेत. अशा छळाच्या खुणा आठ-पंधरा दिवसांत मावळतात, आणि गरीब रयतेस वरिष्ठापर्यंत पोहोंचावयास तेवढेच दिवस लागत असतील, हें सांगावयास नकोच. दुसऱ्याच वर्षीं, 1856 त, नॉर्मन चेव्हर्स ह्यांचा बंगाल व वायव्य प्रांतांसाठीं लिहिलेला न्यायवैद्यकाचा ग्रंथ बाहेर पडला. पुढें कायद्यानें पोलिसांपुढील कबुली पुराव्यांतून वगळली. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यांतील ती तरतूद प्रसिद्धच आहे. तिचा मतलब इतकाच कीं, मारून घेतलेल्या शब्दाचें मोल शून्य करावें, म्हणजे मारण्याचा मोह राहणार नाहीं.

मुका मार नेहमीं खरेंच बोलतो असेंहि नाहीं. आपल्याकडे ज्या बिब्ब्यानें परीट कपड्यांवर खुणा करतात, त्याचेंच तेल अंगास लावून खोटे डाग उठविण्याची युक्ति जुनी आहे, आणि भारतीय न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत तिची नोंद आवर्जून केलेली असते. ओळखण्याची रीतिहि तेथेंच दिली आहे. बिब्ब्याचा डाग हात पोहोंचेल अशाच जागीं असतो, त्याच्याभोंवतीं बारीक फोड येतात, खाज सुटते, आणि लावणाऱ्याच्या बोटांवरहि तोच प्रकार दिसतो. खऱ्या मुक्या मारास खाज नसते, फोड नसतात. आणि त्याचे रंग बदलतात.

हे रंग बदलतात म्हणूनच त्यांस घड्याळ मानण्याचा मोह उत्पन्न झाला. जयसिंग मोदी ह्यांचा 1920 सालीं निघालेला ग्रंथ व त्याच्यासारखीं इतर पुस्तकें वाचून आपल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनीं एक कोष्टक तोंडपाठ केलें: प्रथम तांबडा, दोन-तीन दिवसांत निळा, चौथ्याच्या सुमारास काळपट तपकिरी, पांचव्या-सहाव्या दिवशीं हिरवट, सातव्यापासून बाराव्यापर्यंत पिवळा, आणि दोन आठवड्यांनीं स्वच्छ. सर्वसाधारण क्रम म्हणून हें चुकीचें नाहीं. परंतु ‘डाग हिरवट आहे, सबब मार पांच दिवसांपूर्वींचा, सबब आरोपी त्या दिवशीं तेथें होता’ अशी शृंखला त्यावर लोंबकळूं लागली, तेव्हां अनर्थास आरंभ झाला. इंग्लंडांत लँग्लॉइस व ग्रेशम ह्यांनीं ज्यांचें वय ठाऊक होतें अशा डागांचीं छायाचित्रें पडताळून 1991 सालीं निष्कर्ष काढला कीं, खात्रीनें एकच गोष्ट सांगतां येते: ज्यांत पिवळा रंग दिसतो तो डाग अठरा तासांहून जुना असतो. त्यापलीकडे रंगावरून कांहीं निश्चित होत नाहीं. वय, मार लागलेली जागा, मार किती खोल, त्वचेचा वर्ण, ह्या सर्वांनीं रंग बदलतो. एकाच वेळीं लागलेले दोन मार एकाच शरीरावर दोन रंगांचे असूं शकतात. लहान मुलांच्या बाबतींत ब्रिटिश वैद्यांनीं 2005 सालीं सर्व उपलब्ध संशोधन एकत्र तपासून हेंच सांगितलें: डोळ्यांनीं पाहून डागाचें वय ठरवूं नये.

मुलांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेंत हेन्री केम्प व त्यांचे सहकारी ह्यांनीं 1962 सालीं घरांतच मारहाण सोसणाऱ्या बालकांविषयींचा निबंध प्रसिद्ध केला, आणि डागांकडे पाहण्याची वैद्यांची दृष्टि पालटली. जें मूल अजून रांगतहि नाहीं, त्याच्या अंगावर डाग कोठून आला, हा प्रश्न तेव्हांपासून विचारला जाऊं लागला, आणि त्यानें अनेक जीव वांचविले. परंतु आपल्याकडील पुष्कळ बालकांच्या कमरेवर व पाठीवर जन्मतःच निळसर डाग असतात. जर्मन वैद्य एर्विन बेल्झ ह्यानें जपानांत 1885 सालीं त्यांचें वर्णन केलें. पाश्चात्य देशांत हा डाग मुका मार समजला जाऊन निरपराध आईबापांवर संशय आल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं बाळाच्या जन्माच्या वेळींच अशा डागाची नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी, हें बरें. पारख सोपी आहे: हा डाग दुखत नाहीं, आणि आठ दिवसांनीं पाहिला तरी तसाच असतो.

आतांपर्यंत आम्हीं दिसणाऱ्या डागाविषयीं बोललों. सर्वांत मोठी चूक मात्र न दिसणाऱ्या डागाच्या बाबतींत झाली आहे, आणि ती महाराष्ट्राच्या भूमीशीं निगडित आहे. 26 मार्च 1972 च्या रात्रीं देसाईगंजच्या पोलिस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. सुमारें वीस तासांनीं तिची वैद्यकीय तपासणी झाली, तींत अंगावर इजेची खूण आढळली नाहीं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आरोपी पोलिसांस दोषी ठरविलें. सर्वोच्च न्यायालयानें 1978 सालीं तें फिरविलें. तिच्या अंगावर खूण नाहीं, सबब तिनें प्रतिकार केला हें खोटें, असा त्या निकालाचा रोंख होता. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार अध्यापकांनीं 1979 सालीं न्यायालयास उद्देशून खुलें पत्र लिहिलें; देशभर चळवळ उठली; आणि 1983 त कायदा बदलला. 2013 च्या दुरुस्तीनें तर स्पष्टच लिहिलें कीं, शरीरानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानतां येणार नाहीं.

वैद्यकाच्या दृष्टीनेंहि तो तर्क टिकत नव्हता. रात्रीच्या वेळीं, ठाण्याच्या भिंतींच्या आंत, गणवेशधारी माणसांपुढें भयानें शरीर थिजतें. थिजलेल्या शरीरावर डाग उठत नाहींत. शिवाय खोल लागलेला मार वर येण्यास कित्येकदां एक-दोन दिवस लागतात, आणि सांवळ्या त्वचेवर तो दिसणें अधिकच कठीण. ह्या शेवटच्या उणीवेवर आतां कुठें उपाय सांपडूं लागला आहे. अमेरिकेंत 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन स्कॅफाइड ह्यांच्या संशोधनांत, 415 व 450 नॅनोमीटर लांबीच्या जांभळ्या-निळ्या प्रकाशांत पिवळ्या कांचेंतून पाहिलें असतां निरनिराळ्या वर्णांच्या त्वचेवरील डाग साध्या प्रकाशापेक्षां कितीतरी अधिक वेळां ओळखूं येतात, असें आढळून आलें. म्हणजे इतकीं वर्षें ‘खूण नाहीं’ म्हणून जें लिहिलें गेलें, त्यांतील पुष्कळ वेळां ‘खूण आम्हांस दिसली नाहीं’ असें लिहावयास पाहिजे होतें.

ह्या अनुभवांतून कायद्यानें घेतलेला धडा नमूद केला पाहिजे. पत्रकार शीला बारसे ह्यांनीं मुंबईच्या तुरुंगांतील स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हां पंधरांपैकीं पांच जणींनीं कोठडींत मारहाण झाल्याचें सांगितलें. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानें 1983 सालीं आदेश दिला कीं, अटक केलेल्या व्यक्तीस ‘तुला मारहाण झाली काय?’ असें दंडाधिकाऱ्यानें विचारावें, आणि वैद्यकीय तपासणीचा तिला हक्क आहे हेंहि सांगावें. 1996 च्या डी. के. बसू खटल्यांत त्याच न्यायालयानें आणखी पुढें जाऊन ठरविलें कीं, अटकेच्या वेळीं अंगावरील लहानमोठ्या सर्व इजांची नोंद करावी, आणि कोठडींत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनीं वैद्यकीय तपासणी व्हावी. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांतहि अटकेनंतरच्या तपासणीची तरतूद आहे. ह्या अठ्ठेचाळीस तासांचें मर्म वर सांगितलेल्या रंगांच्या इतिहासांत आहे. एकाच तपासणीनें मुका मार बोलत नाहीं. पहिल्या दिवशीं कोरी दिसलेली त्वचा तिसऱ्या दिवशीं निळी होते. दोन नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजे मधल्या काळांत काय घडलें असेल ह्याचा अंदाज लागतो.

वैद्यासहि ह्यांतून आपली मर्यादा कळते. त्यानें डागाची जागा, लांबी, रुंदी, आकार व रंग मोजून लिहावा, मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें, दोन दिवसांनीं रुग्णास पुन्हां बोलवावें. डागाचा आकार पट्ट्यासारखा, बोटांसारखा कीं काठीच्या दोन समांतर रेघांसारखा, हें सांगावें, कारण आकार पुष्कळदां वस्तूचें नांव सांगतो. परंतु मार कोणत्या तारखेचा हें रंगावरून सांगूं नये, आणि डाग नाहीं एवढ्यावरून मार नाहीं असें तर कधींच लिहूं नये. पुष्कळशा सरकारी दवाखान्यांतून अजूनहि ‘मुका मार, साधी दुखापत’ एवढ्या चार शब्दांत ही साक्ष उरकली जाते. कायद्याच्या वर्गवारींत ती दुखापत साधी असेल. पण घरांत रोज मार खाणाऱ्या स्त्रीपाशीं किंवा कोठडींतून सुटलेल्या मजुरापाशीं दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. हा साक्षीदार दोन आठवड्यांहून अधिक थांबत नाहीं. तो आहे तोंपर्यंत त्याचें म्हणणें नीट लिहून घेणें, आणि त्यानें न सांगितलेलें त्याच्या नांवावर न घालणें, इतकें तरी प्रत्येक डॉक्टरास, पोलिसास व न्यायाधीशास करतां येण्यासारखें आहे.